एक हात खिशात

"एक हात खिशात ठेवायचा. कायम."

बाबांचा आवाज अजून तसाच कानात आहे... खालच्या पट्टीतला, कसलीही घाई नसलेला. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या उघड्या अ‍ॅम्पवर वाकायचं असलं की उजव्या हातात पेचकस आणि डावा हात एप्रनच्या खिशात. बटण बंद केलं, वायर काढली, तरी आतले कंडेन्सर करंट धरून बसलेले असतात. दोन्ही हात आत घातले की तो एका हातातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो. "आणि वाटेत काय लागतं?" ते विचारायचे. "काळीज," मी म्हणायचे. मग ते मान डोलावून पेचकस माझ्या हातात द्यायचे.

बाबा गेले आणि दुकान माझ्याकडे आलं. दुकान म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली. लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, भिंतीशी ओळीने ठेवलेले दुरुस्तीचे अ‍ॅम्प, आणि आतले काचेचे व्हॉल्व्ह पेटले की त्यांच्यावरची धूळ तापून येणारा तो वास. आतल्या खोलीत आई. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून ती बाहेर फारशी येतच नसे. ते गेल्यावरही ती सवय राहिली.

माझा एक नेम होता. दिवेलागणीला देवासमोर डोळे मिटून बसायचं, काही मागायचं नाही, आणि उठून बाबांचा वोक्स कंपनीचा अ‍ॅम्प लावायचा. आधी तो नुसता तापू द्यायचा, व्हॉल्व्ह लालसर होईपर्यंत. मग आवाज अडवून धरणारं स्टँडबायचं बटण सोडून त्यांच्या आवडीची प्रार्थनेची धून गिटारवर वाजवायची. एकच. झाली की बंद.

त्या संध्याकाळी धून अर्ध्यावर होती, आणि दारातून कुणीतरी म्हणालं, "वाजवता छान. अ‍ॅम्प चुकीचा आहे."

मी मान वर केली. बाहेर बारीक पाऊस होता. दारात एक माणूस नखशिखांत भिजून उभा, आणि त्याच्या शेजारी सामानाच्या ढकलगाडीवर एक भली मोठी पेटी. पेटीला त्याने स्वतःचा रेनकोट घातला होता... सगळी बटणं लावून, टोपीसकट.

नेम सुरू असताना मी बोलत नाही. धून पुरी केली. तोही न हलता, पाणी निथळत उभा राहिला. मग म्हणाला की पाऊस थांबेपर्यंत आडोसा मिळेल का, आणि मिळणारच असेल तर या पेटीकडेही बघाल का. पेटीत मार्शल होता, वोक्ससारखाच पण दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅम्प. जुना, त्याच्या आधी कुणाकुणाच्या हातातून गेलेला, कोपरे झिजलेला.

"तुम्ही वोक्सवाल्या दिसता," तो म्हणाला. "वोक्स म्हणजे घंटा, असं म्हणतात ना? मग ही घंटा कुणी फडक्यात गुंडाळून ठेवलीय?"

मला राग आला. बाबांच्या अ‍ॅम्पला कुणी काही बोललेलं मला सोसत नाही. मी म्हटलं, मार्शलवाल्यांना घंटा कळायची नाही, त्यांना भोंग्याची सवय.

"काय?" त्याने मान पुढे केली.

मी पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा "काय?" केलं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तो मनापासून हसला. आपल्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, हसू नुसतं सभ्यपणाचं होतं, हे त्याने फार पुढे कबूल केलं. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाला, "तुमचा आवाज कायम स्टँडबायवरच असतो का हो?"

मार्शलबद्दल त्याची तक्रार अशी: वरचा आवाज गेलाय. पूर्वी तार छेडली की कडेला धार असायची. आता सगळं पांघरुणाखालून येतंय.

मी ठेवून घेतला. व्हॉल्व्ह तपासले, स्पीकर काढून पाहिला, प्रत्येक सांधा पुन्हा झाळला. काहीच सापडलं नाही. वाजवला तर मला धार अगदी लख्ख ऐकू येत होती. तो आला, त्याने वाजवला, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, "छे. पांघरूण तसंच आहे."

मग तो येतच राहिला. शनिवार-रविवारी एका हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचा, इतर दिवशी एका खोलीत मुलांना गिटार शिकवायचा, आणि मधल्या रिकाम्या दुपारी माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर. तो मला 'वोक्सबाई' म्हणायचा. मी त्याला तोंडावर काहीच म्हणत नसे. आईशी बोलताना 'ते मार्शलवाले' म्हणायचे.

आमचं भांडण ठरलेलं असे. तो म्हणायचा, सगळ्या ब्रिटिश अ‍ॅम्पमध्ये छाती एकट्या मार्शलला आहे. मी म्हणायचे, छाती असेल, पण गळा वोक्सला आहे. कधी तो हायवॉटची बाजू घेऊन पाही. मी म्हणायचे, हायवॉट इतका स्वच्छ की वाजवताना शर्टाला इस्त्री लागते. ऑरेंजचं नाव निघालं की मात्र दोघंही हसायचो, कारण आम्हा दोघांनाही तो मनातून आवडायचा आणि कबूल कुणीच करत नव्हतं.

"मार्शल बोलतो," एकदा तो म्हणाला. "तुमचा वोक्स नुसता गुणगुणतो."

"मार्शल बोलत नाही. भांडतो."

"भांडायला माणूस जवळचं लागतं, वोक्सबाई."

मी झाळणीच्या टोकावरचा धूर बघत राहिले.

माझा खिशातला हात त्याच्या लक्षात आला होताच. एके दिवशी त्याने विचारलं की डाव्या हातात एवढं काय लपवता. मी बाबांचं सांगणं सांगितलं, करंटची वाट सांगितली. त्याने टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "अ‍ॅम्प तर बंद आहे आता. टेबलावर काहीच नाही. तरी हात खिशातच."

"सवय आहे."

"कुणाची भीती आहे?" त्याने हसून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तारा जुळवायला घेतल्या. सर्वांत बारीक तार त्याने किंचित चढी लावली. मला खटकली.

कळलं ते असं. त्याच्या तक्रारीला मी कंटाळले होते, थोडी चिडलेही होते. म्हटलं, एकदाचं यांचं समाधान करू. मार्शल लावला आणि ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्याने वरच्या तारांवर एक जोराचा झटका दिला. काचेवर खिळा ओढावा तसा आवाज आला. माझे दात शिवशिवले. आतून आई धावत बाहेर आली, दोन्ही हात कानांवर, चेहरा वेडावाकडा.

आणि तो शांतपणे म्हणाला, "हां... थोडं आलं. अजून थोडं वाढवा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बटणाकडे पाहिलं. ते आणखी वाढण्यासारखं नव्हतं.

बिघाड अ‍ॅम्पमध्ये नव्हताच. माझ्या वोक्सची घंटाही कुणी गुंडाळलेली नव्हती. पहिल्या संध्याकाळी तो टोमणा मारत नव्हता; त्याला जे ऐकू आलं ते सांगत होता, आणि मी रागावले होते.

मी अ‍ॅम्प बंद केला. आई आत गेली. त्याने आमचे चेहरे वाचले असावेत, कारण गिटार मांडीवर आडवी ठेवून तो म्हणाला, "मलाही शंका होती. पण अ‍ॅम्प बिघडला असता तर बरं झालं असतं. अ‍ॅम्प दुरुस्त होतो."

मग त्याची थोरली बहीण त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोघंच राहत होते ते. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी निघाल्या. एक कान तर कधीच गेला होता, दुसऱ्याच्या जोरावर त्याला ते कळलंही नव्हतं. आता दुसऱ्याकडची गाठ मेंदूला रेटत होती. काढली नाही तर जीव जाईल. काढली तर तो कानही जाणार. डॉक्टरांनी नाही म्हणायला 'बहुधा' हा शब्द वापरला होता. तो शब्द त्याने मला मुद्दाम सांगितला, भेट म्हणून आणावा तसा.

हे सगळं त्याने स्टुलावर बसूनच सांगितलं. मग म्हणाला, "एक काम आहे तुमच्याकडे. शेवटचा आवाज कुठला ऐकायचा ते ठरवायचंय. घाईत नको. दोन्ही अ‍ॅम्प शेजारी ठेवू. नीट तुलना करू."

त्या संध्याकाळी मी देवासमोर बसले आणि माझा नेम मोडला. मागितलं. जीव मागितला. कानांचंही मागावं असं ओठांवर आलं होतं, पण धाडस झालं नाही... एका वेळी किती मागायचं.

आईला सांगायची गरज नव्हती. तिला सगळं दिसत होतं. रात्रीची भांडी आवरताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण आजारी माणसाच्या उशाशी वर्षं कशी जातात ते मी पाहिलंय. तू नको बघू."

तिला उत्तर देण्याइतकी मी मोठी नव्हते.

त्यानंतरच्या दुपारी मला वाटतं आमच्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर होत्या, आणि त्या रोज थोड्या थोड्या विझत होत्या. वोक्स आणि मार्शल शेजारी-शेजारी. तीच सुरावट आधी याच्यावर, मग त्याच्यावर. तो डोळे मिटून, धड असलेला कान स्पीकरकडे करून बसायचा. "मार्शलचं पोट अजून ऐकू येतंय," म्हणायचा. "वोक्सचा गळा गेला. नुसतं कुणीतरी दूर उभं आहे असं वाटतं." आणि लगेच, "पण उभं आहे, हं."

बारीक आवाज आधी जातात, तसे त्याचे शब्दांतलेही गेले. एक दिवस त्याने सांगितलं की त्याला आता 'स' ऐकू येत नाही. 'श'ही नाही. "तुम्ही हसता तेव्हा नुसतं तोंड दिसतं." त्या दिवसापासून मी बोलण्याआधी मनात वाक्य तपासू लागले. 'बसा' म्हणायचं टाळून स्टूल पुढे करायचे. 'पाऊस' म्हणायचं टाळून खिडकीकडे बोट. 'सकाळी या' ऐवजी 'उद्या या, नऊला'. तो ओळखायचा. म्हणायचा, "वोक्सबाई, माझ्यासाठी तुम्ही भाषेचे व्हॉल्व्ह उपसून काढताय."

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी तो आला तेव्हा अंगावर तोच रेनकोट होता. दारामागच्या खिळ्याला त्याने तो अडकवला. मी दोन्ही अ‍ॅम्प आधीच तापवून ठेवले होते.

"ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं. मार्शल मला पाठ आहे. तो आतून वाजेल. शेवटचा वोक्स." मी गिटार उचलली तर त्याने मान हलवली. "गिटार नको. बोला. तुम्ही इतक्या हळू बोलता की अर्ध्याच्या वर बोलणं माझ्या हाती लागलंच नाही. आज ते मोठ्याने पाहिजे."

बाबांचा एक जुना माइक खणात होता. वोक्सच्या दुसऱ्या चॅनेलला लावला. आवाज वाढवला. माझाच श्वास खोलीभर घुमला, आणि मी घाबरून मागे सरले. तो खाली, जमिनीवर बसला होता. पाठ भिंतीला, गुडघे स्पीकरला टेकलेले.

काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवलं होतं. त्यात 'स' नव्हता. 'मला तुम्ही हवे आहात.' अगदी साफ वाक्य होतं, एकही अक्षर वाया जाणार नाही असं.

आणि आयत्या वेळी ते मला परकं वाटलं. शेवटचं बोलायचं, आणि त्यात 'तुम्ही'? पण 'तू' म्हणायचं तर आपल्या भाषेत त्याच्यामागे 'स' येतोच. येतोस, जातोस, आहेस. तू म्हटलं की शेपटाला तो बारीक आवाज लागलेलाच, आणि नेमका तोच त्याच्यापर्यंत पोचायचा नाही.

माझा डावा हात कधी खिशातून निघाला कळलं नाही. दोन्ही हातांनी माइक धरला होता.

"मला तू हवा आहेस."

वोक्सने ते वाक्य घेतलं, थोडं थरथरवलं आणि खोलीत सोडलं. आतल्या खोलीत भांड्याचा आवाज थांबला. तो डोळे मिटून बसला होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हणाले.

"शेवटचं अक्षर नाही आलं," तो म्हणाला. डोळे तसेच मिटलेले, पापण्यांखालून पाणी. "पण 'तू' आला. तो पुरा आला."

मग त्याने माझा तो हात धरला, डावा. खिशातल्या उबेने तो गरम होता आणि त्याचा गार. दोन्ही अ‍ॅम्प नुसते घुमत होते.

जाताना दारात थांबून म्हणाला, "एक वचन दे. मी परत आलो की तुझा संध्याकाळचा नेम एकदा माझ्याकडे येऊन कर. हाच अ‍ॅम्प घेऊन. मी पेटीवर हात ठेवून बसेन. हाताला जेवढं ऐकू येईल तेवढं."

"देते."

"आणि मी येऊ नको म्हणेन. मी ओळखतो स्वतःला. तेव्हा माझं ऐकू नकोस." जरा थांबून तो हसला. "मग ऐकू न येणारे आपण दोघं."

पाऊस नव्हता. रेनकोट खिळ्यालाच राहिला.

त्याच्या ताईचा फोन आला. जीव वाचला. मी मागितलं होतं तेवढंच मिळालं, त्याहून अधिक काही नाही. कान गेला. चेहऱ्याची एक बाजू उतरली, म्हणाल्या. डोळा मिटत नाही, चालताना तोल जातो. ज्यांना त्याने शिकवलं ती मुलं भेटायला आली तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी मेसेज करत राहिले. उत्तरं आली, एकेका शब्दाची. बरं. ठीक. हो. तो घरी आला तेव्हा मी लिहिलं की मी येते.

उत्तर आलं: "येऊ नका."

मी ते कितीदा वाचलं. 'नकोस' नव्हतं लिहिलेलं. 'नका' होतं. ज्या अक्षरासाठी मी सगळा जीव माइकशी आणला होता, ते त्याने परत काढून घेतलं होतं. लिहिताना तर ऐकू येण्याचाही प्रश्न नव्हता. मुद्दाम काढलेलं होतं.

फोन टेबलावर पालथा ठेवला. वोक्सची मागची फळी काढून व्हॉल्व्ह एकेक करून बाहेर घेतले, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले, म्हणजे वाटेत धक्का लागायला नको. गिटार पाठीला लावली. त्याची ढकलगाडी अजून कोपऱ्यातच होती. मी वोक्सजवळ वाकले आणि उजव्या हाताने मूठ धरून ओढून पाहिली. जागचा हलला नाही.

आई दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

"आजचा नेम?" तिने विचारलं.

"तिकडे."

तिने फोनकडे पाहिलं, खिळ्यावरच्या रेनकोटाकडे पाहिलं. तिला नाही म्हणायचं असेल तर म्हणू दे, असं मी मनाशी धरून उभी होते.

"तुझे बाबाही म्हणाले होते," ती हळूच म्हणाली, "पहिल्या वर्षी. मला सोड, माहेरी जा म्हणून. रोज म्हणायचे." पदराला हात पुसून ती पुढे आली आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाची मूठ धरली. "एका हाताने उचलणार आहेस का हे धूड? काढ तो हात बाहेर."

मी काढला. दोघींनी मिळून वोक्स ढकलगाडीवर ठेवला. बाहेर आभाळ भरून आलं होतं. आईने खिळ्यावरचा रेनकोट आणला आणि पेटीला घातला. एकेक बटण लावलं, टोपी पुढे ओढली.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. मी गाडीची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि निघाले.